काळ्या मातीत फसलेली गाडी ओढताना दोर वारंवार का तुटतो आणि काय करायचं

जुलैची झड लागली की नागपूरभोवतीच्या पांदण रस्त्यांवरून एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. गाडी फसली, ट्रॅक्टर आणला, दोर बांधला, झटका दिला आणि दोर तुटला. मग कुणीतरी जाड दोर आणतं. आता दोर टिकतो, पण बंपरखालचं हूक बोल्टसकट उखडून येतं. मग तारेचा दोर येतो, झटका आणखी मोठा होतो आणि भोवती अर्धं गाव बघायला उभं असतं. या तिसऱ्या टप्प्याची मला खरी भीती वाटते. पहिल्या दोन टप्प्यांत वस्तू तुटतात, तिसऱ्यात माणूस जातो.

दोराची जाडी वाढवून हा प्रश्न सुटत नाही. ताण गरजेपेक्षा जास्त पडतोय, आणि तो कमी केल्याशिवाय पुढची कच्ची जागा तुटत राहणार. म्हणून आधी हा ताण येतो कुठून ते बघू.

ताण कुठून येतो

हिंगणा, काटोल, कळमेश्वर, सावनेर या पट्ट्यातली भारी काळी जमीन बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झाली आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात हीच माती टायरच्या नक्षीत भरते, मडगार्डच्या आत थर चढवते आणि चाकाला चारी बाजूंनी धरून ठेवते. चाक वर उचलायला गेलं की खाली हवा शिरत नाही, त्यामुळे चिखल चाकाला खाली खेचतो. पूर्वेकडे मौदा, रामटेकच्या धानाच्या बांध्यांमध्ये आणि उमरेड, भिवापूरकडच्या कन्हार जमिनीत प्रकार थोडा वेगळा असला तरी पकड तशीच घट्ट असते.

आता आकडे बघा. अमेरिकी लष्कराच्या रिकव्हरी प्रशिक्षणात एक सोपा हिशेब शिकवतात. चाकं रुतली असतील तर गाडी हलवायला साधारण तिच्या भारासह वजनाएवढी ओढ लागते. चिखल मडगार्डपर्यंत आला असेल तर दुप्पट, आणि केबिनपर्यंत बुडाली असेल तर तिप्पट. थारसारखी गाडी चार माणसं आणि सामानासह दोन टनांच्या आसपास जाते. म्हणजे चाकं रुतल्यावर दोन टनांची ओढ लागते, मडगार्डपर्यंत गेल्यावर चार टनांची.

आणि समोर काय उभं असतं? ४५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर, ज्याचं स्वतःचं वजन दोन टनांच्या आसपास. तोही त्याच चिखलात उभा. ओल्या काळ्या मातीत त्याने स्वतःच्या वजनाच्या निम्मं ओढलं तरी पुष्कळ झालं. लागतात दोन टन, मिळतो एक. कमी पडलेलं भरून काढायला ड्रायव्हर मागे येतो, दोर ढिला करतो आणि धावत जाऊन झटका देतो. तो ताण दोन टनांवर थांबत नाही. दोर न ताणणारा असेल तर सगळा वेग एका क्षणात मारला जातो आणि ताण कितीतरी पट वाढतो. शिवाय वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा चौपट होते. ताशी १० किलोमीटरने दिलेल्या झटक्याने दोर टिकला म्हणून २० ने देऊन बघू म्हणणाऱ्याला हे सांगा.

उपायाची दिशा इथेच दिसते. ओढ वाढवण्याऐवजी गाडीला लागणारी ओढच खाली आणायची. ते काम फावडं करतं.

आधी फावडं

गाडी फसल्याचं लक्षात आलं की पहिल्यांदा ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा. चाक जागेवर फिरलं की दर सेकंदाला ते खाली जातं, आणि बघता बघता डिफरन्शियल (एक्सलच्या मधला गिअरचा गोळा) आणि चॅसी मातीवर टेकते. एकदा पोट टेकलं की चाकांवर वजनच राहत नाही. मग चारही चाकांना ताकद देणारी फोर बाय फोर असो, दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं डिफ लॉक असो, काही उपयोग नाही.

सगळे खाली उतरा. खाली उतरल्यानंतरची पहिली नजर सायलेन्सरकडे टाका. त्याचं तोंड चिखलात किंवा पाण्यात बुडालेलं असेल तर इंजिन बंद ठेवा आणि तोंड मोकळं करा. बुडालेल्या सायलेन्सरचा धूर केबिनमध्ये शिरू शकतो. बाहेर पाऊस म्हणून काचा लावून, एसी चालू ठेवून आत बसलेल्या लेकरांच्या जिवावर ते बेततं.

मग खणायला लागा. प्रत्येक चाकाच्या बाहेर पडण्याच्या बाजूला उतार काढा, चाकाच्या तळाला भिडेल असा, निदान हातभर लांब. चाकासमोर उभी भिंत राहिली तर दोराला गाडी पुढे ओढण्याआधी वर उचलावी लागते. त्यानंतर पोटाखालची माती काढा. हे काम कंटाळवाणं आहे, आडवं पडून फावड्याने माती ओढावी लागते, आणि म्हणूनच ते कुणी करत नाही. पण सगळ्यात जास्त फरक तिथेच पडतो. मडगार्डमध्ये घट्ट बसलेली माती सब्बलीने किंवा जाड काडीने पाडा, टायरची नक्षी मोकळी करा.

जॅक लावायचा असेल तर खाली रुंद फळी हवीच, नाहीतर चाकाऐवजी जॅक खाली जातो. चाक उचललं गेलं की खाली हवा शिरते आणि चिखलाची पकड सुटते. त्या पोकळीत दगड, मुरूम, विटांचे तुकडे भरा. तुऱ्हाटी किंवा पऱ्हाटीच्या पेंढ्या आडव्या टाकल्या तर चांगली पकड मिळते. तणस (धानाचं काड) आणि कुटार (भुसा) टाकू नका, ओलं झालं की दोन्ही निसरडं होतं. जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका, काठीने सरकवा.

एवढं केल्यावर बऱ्याच गाड्या स्वतःच्या ताकदीवर निघतात. फोर लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त ताकद), दुसरा गिअर, स्टेअरिंग सरळ, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की ताकद कमी करणारी यंत्रणा) बंद, आणि हळू. शक्यतो ज्या वाटेने आत आलात त्याच वाटेने मागे घ्या. ती वाट चाकांनी दाबलेली आहे आणि ती तुमचं वजन पेलते हे तुम्हाला ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नाही.

शेत कुणाचं आहे ते बघा आणि धुरा, म्हणजे शेताचा बांध, फोडण्याआधी विचारा. धुरा फुटला तर वावरातलं पाणी आणि माती दोन्ही वाहून जातात, आणि ते नुकसान त्या शेतकऱ्याला पूर्ण हंगाम भोगावं लागतं. खणलेले खड्डे जाण्याआधी बुजवा.

दोर कुठे बांधायचा

दोर फक्त चॅसीला कारखान्यातून लागलेल्या टोइंग हूकला बांधायचा. ते कुठे आहे हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, ते घरीच बघून ठेवा. स्टेअरिंगचा रॉड, लीफ स्प्रिंगचा शॅकल, एक्सल, बंपर, बुल गार्ड यांपैकी कशालाही दोर बांधू नका. टूलकिटमध्ये येणारं आटे असलेलं हूक सपाट रस्त्यावर बंद पडलेली गाडी सरळ रेषेत हळूहळू टोचन करून नेण्यासाठी असतं. बाजूने ओढ आली की ते वाकतं किंवा निसटतं.

टो बॉलला, म्हणजे गाडीच्या मागे लावलेल्या लोखंडी गोळ्याला, दोर कधीही लावू नका. तो ट्रेलर खेचण्यासाठी बनवलेला असतो. झटक्याने मान तुटली तर तो लोखंडी गोळा ताणलेल्या दोराबरोबर काच फोडून आत येतो. जगभर अशा अपघातांत माणसं मेली आहेत.

दोर हूकला जोडायची पिनवाली लोखंडी कडी म्हणजे शॅकल. तो घेताना त्यावर किती टनांचा आहे ते कोरलेलं असलंच पाहिजे. १९ मिलिमीटरचा बो शॅकल (गोलसर पोटाचा) साधारण ४.७५ टनांचा येतो आणि आपल्या गाड्यांना पुरतो. काहीच न कोरलेला चकचकीत शॅकल नागपूरच्या इतवारी बाजारात स्वस्तात मिळतो, तो कुंपणाच्या फाटकाला वापरा. पिन हाताने पूर्ण घट्ट करून पाव फेरा मागे घ्या, नाहीतर ताण आल्यावर ती अशी आवळते की पान्यानेही सुटत नाही. दोराचाच बनवलेला सॉफ्ट शॅकल परवडत असेल तर तोच घ्या. तो तुटला तरी लोखंड उडत नाही.

दोन हूक असतील तर दोन्हीकडून पट्टा घेऊन मधून ओढा, ताण वाटला जातो. पण हा पट्टा लांब हवा. दोन बाजूंमधला कोन ६० अंशांच्या आत असेल तर प्रत्येक हूकवर एकूण ओढीच्या निम्म्याहून थोडा जास्त ताण येतो. तोच कोन १२० अंश झाला तर प्रत्येक हूकवर पूर्ण ओढ येते, म्हणजे वाटणी झालीच नाही.

आणि गाठ मारू नका. गाठीच्या जागी दोराची ताकद जवळपास निम्मी होते. दोर तुटल्यावर गाठ मारून पुन्हा ओढणं हीच ती सवय आहे जिच्यामुळे दुसऱ्यांदा तुटतो. दोन पट्टे मध्ये लोखंडी शॅकल घालून जोडणं त्याहून वाईट, कारण पट्टा तुटला की तो शॅकल गोफणीतल्या दगडासारखा सुटतो.

ट्रॅक्टर असेल तर

आपल्याकडे मदतीला बहुतेक वेळा ट्रॅक्टरच येतो, म्हणून हे नीट वाचा. गाडी फसलेला माणूस आणि त्याच्या मदतीला धावलेला ट्रॅक्टरवाला, या दोघांत जास्त धोका ट्रॅक्टरवाल्याला असतो.

ट्रॅक्टरला दोर बांधायची एकच जागा आहे, खालचा ड्रॉबार, म्हणजे मागे खाली असलेली ओढायची लोखंडी पट्टी. मागच्या एक्सलला, सीटखाली, औजारं जोडायच्या तीन बिंदूंच्या लिंकेजच्या वरच्या बाजूला दोर बांधला की ओढीची रेषा ड्रॉबारपेक्षा बरीच वर जाते. गाडी हलत नाही, चाकं मात्र फिरायला बघतात, आणि मग ट्रॅक्टरचा पुढचा भाग वर उचलला जातो. समोरची चाकं जमिनीवरून सुटलेली दिसल्यापासून ट्रॅक्टर पूर्ण उलटेपर्यंत क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. ज्या ट्रॅक्टरला रोलबार (उलटल्यावर चालकाला वाचवणारी लोखंडी चौकट) नाही, त्यावर बसलेला माणूस थेट खाली सापडतो.

म्हणून ट्रॅक्टरवाल्या भाऊंना आपण स्वतः म्हणायचं, "भाऊ, दोर खालच्या ड्रॉबारलाच लावा, झटका देऊ नका, हळूहळूच ओढा." त्यांचा अनुभव आपल्यापेक्षा जास्त असतो आणि ते "काही होत नाही" म्हणतील. तरी आग्रह धरा. ते आपल्या कामासाठी आलेत, त्यांच्या घरी कुणीतरी वाट बघतंय.

शक्य असेल तर ट्रॅक्टर चिखलात आणूच नका. त्याला मुरमाच्या किंवा डांबरी पट्ट्यावर उभं करा आणि दोर लांब घ्या. कोरड्या, कडक जमिनीवर तोच ट्रॅक्टर कितीतरी जास्त ओढतो, आणि तेव्हा झटक्याची गरजच उरत नाही. इथे न ताणणारा पॉलिस्टरचा पट्टा बरा. आधी दोर हलकेच ताणून घ्या, थांबा, सगळे जोड आणि पिना बघा, मग लो गिअरमध्ये एकसारखी ओढ द्या. फसलेल्या गाडीवाल्याने त्याच वेळी हलका ॲक्सिलरेटर द्यायचा. स्वतःची चाकं थोडी जरी फिरली तरी लागणारी ओढ बरीच कमी होते.

ट्रॅक्टरच फसला तर त्याच्या मागच्या चाकांना लाकूड बांधून किंवा चाकापुढे ओंडका अडकवून बाहेर काढायची पद्धत आपल्या भागात सर्रास दिसते. ती सोडायला हवी. चाक अडलं की इंजिनची सगळी ताकद ट्रॅक्टरचं धड एक्सलभोवती फिरवण्यात जाते आणि तो मागे उलटतो. ट्रॅक्टर मागच्या बाजूने खणून रिव्हर्समध्ये काढा किंवा दुसरा ट्रॅक्टर बोलवा.

जेसीबी आला तरी घाई तशीच टाळायची. त्याची ताकद एवढी असते की गाडी चिखलात घट्ट असताना हूक किंवा चॅसीचा कोपरा उपटून हातात येतो. बादलीने गाडी उचलू देऊ नका.

गाडीने गाडी ओढताना

सोबत दुसरी फोर बाय फोर असेल तर कायनेटिक दोर वापरता येतो. हा नायलॉनचा असतो आणि ताण आल्यावर त्याच्या मूळ लांबीच्या साधारण पाव भागाने लांबतो. ओढणाऱ्या गाडीचा वेग तो हळूहळू साठवतो आणि फसलेल्या गाडीला सोडतो, त्यामुळे झटका बसत नाही. त्याची तुटण्याची मर्यादा दोन गाड्यांपैकी हलक्या गाडीच्या भारासह वजनाच्या दुप्पट ते तिप्पट असावी. फार जाड घेतला तर तो ताणतच नाही आणि साध्या दोरासारखाच वागतो. इथे बरेच जण फसतात, सर्वात जाड तो सर्वात चांगला समजून घेतात.

एखाद मीटर ढील ठेवा आणि माणूस जलद चालेल एवढ्याच वेगाने निघा. गाडी पोटावर बसलेली असेल तर कायनेटिक दोर वापरायचाच नाही, आधी खणायचं. दोन-तीन प्रयत्नांत हलली नाही तर पुन्हा फावडं घ्या आणि दोराला विश्रांती द्या, सततच्या ताणाने नायलॉन गरम होतो. भिजलेल्या नायलॉनची ताकद कमी होते हेही धरून चाला.

तारेचा दोर आणि साखळी झटक्याच्या कामाला कधीच आणू नका. त्या ताणत नाहीत, म्हणून सगळा मार जोडाच्या जागी बसतो, आणि तुटल्यावर त्यांचं टोक कुठे जाईल सांगता येत नाही.

माणसं

गावातली फसलेली गाडी म्हणजे गर्दी. पोरं अगदी दोराला हात लावून उभी असतात. दोर ताणण्याआधी सगळ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर आणि बाजूला न्या. दोराच्या सरळ रेषेत, दोन्ही गाड्यांच्या पुढे-मागे, कुणीही नको. ताणलेल्या दोरावरून ओलांडून जाणं तर अजिबात नको. दोराच्या मध्यावर ओलं पोतं किंवा जाड चादर टाका. त्यामुळे तुटलेलं टोक जमिनीकडे येतं, पण एवढ्या भरवशावर जवळ उभं राहू नका.

इशारे एकाच माणसाने द्यायचे. दोन्ही ड्रायव्हरना तो दिसला पाहिजे आणि त्याचा "थांबा"चा इशारा आधीच ठरलेला हवा, डोक्यावर दोन्ही हात फुलीसारखे. बाकीच्यांनी "ओढ, ओढ" असं ओरडायचं नाही हे स्पष्ट सांगा. मागून ढकलायला कुणी उभं असेल तर दोर ताणायच्या आधी तो बाजूला आला पाहिजे.

पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडलाच्या जंगलालगतच्या रस्त्यावर संध्याकाळी फसलात तर मदतीसाठी एकट्याने चालत निघू नका. गाडीत बसा, दिवे लावा, फोन करा. कुणाला लागलं असेल तर १०८, बाकी तातडीला ११२.

रेतीत असेल तर वेगळं

कन्हानच्या पात्रात रेतीत रुतलेल्या गाडीला दोराआधी टायरची हवा कमी करा. रस्त्यावर ३० पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं एकक) आसपास असते ती १५ ते १८ वर आणा, टायर पसरतो आणि गाडी रेतीवर तरंगते. अनेकदा तेवढंच पुरतं. काळ्या मातीत हा उपाय फार कमी चालतो, कारण तिथे नक्षीच माखलेली असते. वरच्या भागात पाऊस असेल तर पात्रात वेळ घालवू नका. पाणी वाढायला लागलं तर गाडी सोडून काठावर या. हवा कमी केलेल्या टायरवर डांबरी रस्त्याने वेगात जाऊ नका, पंप सोबत ठेवा.

निघाल्यावर

डांबरी रस्ता लागण्याआधी टायर आणि मडगार्डमधली माती काढा. रस्त्यावर सांडलेला काळा चिखल मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला पाडतो. रिमच्या आतल्या बाजूला माती वाळली तर ताशी ६०च्या पुढे स्टेअरिंग थरथरतं, लोक अलाइनमेंट करून येतात आणि तरी थांबत नाही. पाण्याच्या जोराने रिम आतून धुवा, रेडिएटरच्या जाळीतली माती मागच्या बाजूने पुढे काढा. ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून बघा, मगच वेग घ्या.

दोर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. आत अडकलेली रेती धागे आतून कापते. एखादी लड तुटलेली दिसली, शिवण सुटलेली दिसली, तर तो दोर ओढायच्या कामातून काढून टाका आणि त्याचे तुकडे करा, म्हणजे पुढच्या पावसात कुणी चुकून तो उचलून बांधणार नाही.